वाडं, वाघीण आणि कागवाडचे आजोबा

दिवस पहिला : बेळगाव ते भुतरामहट्टी

बाबांची लोखंडी ट्रंक तीन वर्षं तशीच पडून होती, या दिवाळीत आई म्हणाली आता उघड बाई वाळवी लागायच्या आत, म्हणून उघडली तर आत सगळ्या वह्याच वह्या. बाबांचा शहापुरात वैरणीचा धंदा होता, कडबा, गवत, आणि ऊस सुरू झाला की वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. त्या वह्यांत १९८७ सालची एक वही निघाली, पुठ्ठ्यावर लाल शाईनं नुसतं "सर्कस" लिहिलेलं. आत रोज एकच ओळ, "हत्ती ४. वाडं १ गाडी. रोख मिळाले." पानामागून पान हेच. आणि मधेच एका पानावर, "चंपाच्या मागच्या पायाला साखळीनं जखम. आज वाडं कोवळं बघून दिलं. पैसे नेहमीचेच."

ही ओळ वाचून मी बराच वेळ ट्रंकेजवळच बसून राहिले. कारण चंपा मला आठवते. मी तेव्हा तिसरीत होते, सर्कस स्पेशल रेल्वेनं यायची आणि हत्ती स्टेशनवरून मैदानापर्यंत चालत जायचे, आम्ही पोरं मागून पळायचो. बाबा मला एकदा बैलगाडीवर वाड्याच्या पेंढ्यांवर बसवून सीपीएड मैदानावर घेऊन गेले होते, चंपानं सोंड वर करून माझ्या पायाजवळची पेंढी अलगद ओढून घेतली आणि तिचा श्वास माझ्या पायाला लागला, गरम, ओला, उसाचा वास असलेला. एवढ्या वर्षांत मी हे कुणाला नीट सांगितलं नव्हतं.

माझा भाचा शिवमोग्ग्याला व्हेटर्नरी शिकतोय, शेवटचं वर्ष. सुट्टीला आला होता, त्याला वही दाखवली तर तो पहिलं म्हणाला, "आत्या, हिशोब बरोबर आहे बघ. एका मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा लागतो, चारांचा सहाशे किलो, म्हणजे एक बैलगाडी भरून." आणि मग म्हणाला, "पण ही साखळीची ओळ आजोबांनी हिशोबाच्या वहीत का लिहिली असेल?" तेच तर मलापण कळत नव्हतं. बाबा नेहमी सांगायचे की त्या सर्कशीत कागवाडकडचा एक पोरगा होता, वाघांच्या पिंजऱ्यावर काम करायचा, आपल्यातला म्हणून रोज चहाला यायचा. उगारच्या एका नातेवाइकाला फोन केला, त्यानं दोन दिवसांत शोधून काढलं, माणूस आहे, कागवाडजवळच्या वस्तीवर राहतो, वय सत्तरीच्या पुढं, आणि बोलतो. मग काय, भाच्याला म्हटलं चल, गाडी काढ, चार दिवस जाऊन येऊ.

सकाळी निघालो ते पहिल्यांदा काकतीच्या पुढं भुतरामहट्टीला थांबलो. कित्तूर राणी चन्नम्मांच्या नावाचं प्राणिसंग्रहालय आहे तिथं, हायवेपासून जवळच, २०२१ साली बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याहून सिंह आणले आणि मग वाघपण आले तेव्हापासून रविवारी गर्दी असते. आम्ही गेलो तो शुक्रवार, शाळेची एक सहल होती तेवढीच. वाघीण सावलीत पडली होती, पोरं ओरडत होती, ए वाघ, ए उठ की रे, आणि ती शेपटीचं टोकसुद्धा हलवत नव्हती. भाचा म्हणाला की बन्नेरघट्ट्याला सर्कशीतून सोडवलेल्या वाघसिंहांसाठी वेगळं केंद्र केलं, तिथं एक नियम कडक, तिथल्या जनावरांची पिल्लं होऊ द्यायची नाहीत. नर वेगळे ठेवायचे किंवा त्यांची नसबंदी करायची. मी म्हटलं, अरे पण वाघ कमी म्हणून आपण ओरडतो आणि असलेल्यांना पिल्लं नको? त्यावर तो जे बोलला ते मी तेव्हा अर्धवटच ऐकलं, तिसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागला. तो म्हणाला, "आत्या, सर्कशीतल्या वाघाला खापरपणजोबा नसतो. कुणाचा कोण माहीतच नाही."

दिवस दुसरा : निपाणी, चिकोडी, अंकली

हा दिवस बराचसा रस्त्यातच गेला. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, संकेश्वर सोडल्यापासून पुढं सगळीकडं उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन दोन, ओव्हरटेक करायला जागा नाही, रस्त्यावर ऊस पडलेला आणि शेताच्या कडेला तोडकऱ्यांच्या खोपी. वाडं विकायला बायका बसलेल्या दिसल्या की मी गाडी हळू करायला लावायची. निपाणीत जेवलो, तंबाखूचा वास आता पूर्वीइतका येत नाही.

चिकोडीत नात्यातल्या एका घरी चहाला थांबलो तर तिथं विषय निघाला नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीचा. इकडं सगळ्यांच्या मनाला लागलेला विषय आहे हा. नांदणी कोल्हापूर जिल्ह्यात, पण त्या मठाचे श्रावक आमच्या बेळगाव जिल्ह्यात गावोगावी आहेत, २०२५ च्या जुलैत कोर्टाच्या निकालानंतर माधुरीला गुजरातेत अंबानींच्या वनतारा प्राणिकेंद्रात नेलं तेव्हा लोक अक्षरशः रडले, मोर्चे निघाले, सह्या झाल्या, अंबानींच्या कंपनीची मोबाइलची सिमकार्डं बदलली लोकांनी. काकू सांगत होत्या आणि सांगताना परत डोळ्यात पाणी. "आमच्या पोरांच्या डोक्यावर सोंड ठेवली तिनं, माहेरवाशीण नेली गं आमची."

भाचा त्यांच्यापुढं काही बोलला नाही, शहाणपणाच केला. गाडीत बसल्यावर म्हणाला, प्रेम खोटं नाही आत्या, पण हत्तीचं सगळं दुखणं पायात असतं. रानात तो दिवसभर चालतो, मऊ माती, चिखल, पाणी, नखं आपोआप झिजतात. फरशीवर किंवा काँक्रीटवर साखळीत उभा राहिला की नखं वाढून फाटतात, तळव्याला भेगा पडतात, स्वतःच्याच मुतात उभा राहून पाय कुजतो, आणि वरून चार टन वजन. सांधे जातात. हत्ती बसत नाही, दुखतंय म्हणून सांगत नाही, नुसता एक पाय उचलून दुसऱ्यावर भार घेत राहतो, डुलतो, आणि आपण म्हणतो बघा कसा आनंदात डुलतोय.

हे ऐकल्यावर मला चंपा डुलताना आठवली. आम्ही पोरं तिच्यासमोर उभं राहून तसंच डुलायचो.

संध्याकाळी अंकलीला मावशीकडं मुक्काम. शिवमोग्ग्याजवळ तुंगेच्या काठावर सक्रेबैलूचा हत्तींचा कॅम्प आहे, भाचा तिथं ट्रेनिंगला जाऊन आलाय, रात्री जेवताना त्यानं आम्हाला तिथलं सांगितलं. तिथले हत्ती दिवसा काम, आंघोळ, खाणं झालं की रात्री पायात लांब साखळी सोडून जंगलात चरायला सोडतात, सकाळी माहूत साखळीच्या फरपटीचा माग काढत जातो आणि परत आणतो. रात्री जंगलात रानटी टस्कर येतात आणि कॅम्पातल्या हत्तिणी त्यांच्यापासून गाभण राहतात, पिल्लं कॅम्पात जन्मतात. मावशीनं विचारलं मग सर्कशीत का नाही होत? तर कारण साधं आहे. हत्तीण अठरा ते बावीस महिने गाभण, पिल्लू जन्मतःच शंभर किलोच्या आसपास, पुढं दोन-तीन वर्षं अंगावर पितं. म्हणजे सर्कसवाल्याची एक हत्तीण चार-पाच वर्षं खेळातून बाद. आणि नर पाळायचा म्हटलं तर तो माजावर येतो, कानशिलातून मद गळायला लागला की स्वतःच्या माहुतालासुद्धा ओळख देत नाही, रोज दोन हजार माणसांच्या तंबूत त्याला कोण ठेवणार. म्हणून सर्कशीत बहुतेक माद्याच, आणि त्यासुद्धा तिथं जन्मलेल्या नाहीत, सगळ्या रानातून धरलेल्या नाहीतर बिहारच्या सोनपूरसारख्या जत्रेतून विकत आणलेल्या. मावशी म्हणाली, "अगं बाई, म्हणजे सगळ्या आईपासून तोडलेल्याच की."

दिवस तिसरा : कागवाड

मांजरीजवळ कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा धुकं होतं. आजोबांच्या वस्तीवर पोचेपर्यंत नऊ वाजले. त्यांची बायको कानडी, दारातूनच "बर्री बर्री, कुंदर्री" म्हणून आत घेतलं. आजोबा बारीक अंगाचे, ताठ, डावा हात कोपरापासून थोडा वाकडा. मी बाबांचं नाव सांगितलं तर दोन मिनिटं माझ्याकडं बघतच राहिले आणि म्हणाले, "वैरणवाल्या अण्णांची लेक व्हय तू? गाडीवर बसून आली हुतीस. फराक निळा हुता." मला खरंच निळा फ्रॉक होता. मी वही काढून त्यांच्या हातात दिली, त्यांना वाचता येत नाही, भाच्यानं ती चंपाची ओळ वाचून दाखवली.

ते म्हणाले, "अण्णांनी मॅनेजरला जाऊन सांगितलं हुतं, साखळी बदला म्हनून. मॅनेजर म्हनला तुमी वैरन घाला, हत्ती आमचा हाय. तवा अण्णा काय बोलले न्हाईत. पर दुसऱ्या दिवशी जुन्या गोनपाटाच्या पट्ट्या आनि खोबरेल तेल घिऊन आले आनि माहुताला दिलं, साखळीखाली बांध म्हनले. जायपत्तूर रोज बघायचे तो पाय."

बाबांनी घरी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग चहा झाला आणि आजोबा बोलायला लागले ते दुपारपर्यंत. मी जमेल तेवढं लिहून घेतलं, त्यातलं मुख्य इथं देते.

अकराव्या वर्षी घरातून पळून मिरजेत सर्कशीला लागले. पहिली दोन वर्षं नुसती पिंजरे धुवायची आणि मटण तोडायचं. एका वाघाला दिवसाला सहा-आठ किलो म्हशीचं, आठवड्यातून एक दिवस उपास, आणि तो उपास शोच्या दिवशी कधीच नाही. तंबूत बोली हिंदी, निम्मे कलाकार मल्याळी, तलश्शेरीकडचे. मास्तर, म्हणजे रिंगमास्तर, हाताखालच्या पोरांना काही शिकवायचा नाही, बघून शिकायचं.

वाघाला शिकवतात म्हणजे काय करतात हे मी त्यांना सरळ विचारलं. ते उठले, अंगणात काठीनं एक गोल काढला, भाच्याला मधे उभं केलं, म्हणाले डाक्टर तुमी वाघ. आणि स्वतः गोलाबाहेरून एक एक पाऊल आत यायला लागले. "इतं आलो, तुमी उठून बसला. इतं आलो, तुमी मागं सरला. आता ह्याच्या म्होरं अजून येक पाऊल टाकलं," आणि एकदम थांबले, "तर तुमी माझ्या अंगावर. ह्यो ईतभर जागेचा खेळ हाय सगळा. पाऊल आत, वाघ मागं जातो, मागं त्येचं टेबल हाय, त्यावर चढतो. पाऊल भायेर, तो खाली उतरतो. लोकास्नी वाटतंय चाबकाला भितोय."

भाचा थक्क झाला. म्हणाला आत्या हे आम्हाला पुस्तकात आहे, झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते हेडिगर, त्यांनी हेच मांडलंय, प्राणी किती अंतरावर पळतो आणि किती अंतरावर उलटतो. आणि आजोबांना तर सहीसुद्धा करता येत नाही. पण अंतर त्यांना वितीत माहीत आहे, प्रत्येक वाघाचं वेगळं. चांदनी वाघिणीचं कमी, तिच्या भावाचं जास्त, पाऊस असला की सगळ्यांचंच वाढायचं.

आणखी पण बरंच सांगितलं. पिल्लू वर्ष-दीड वर्षाचं झालं की शिकवायला घ्यायचं, त्याआधी घेऊन उपयोग नाही, खेळकर असतं. प्रत्येकाचं टेबल ठरलेलं, दुसऱ्याच्या टेबलावर बसला की भांडण. काठीच्या टोकाला मटणाचा तुकडा, तो घ्यायला मागच्या पायावर उभा राहिला की झालं अर्धं काम. कान मागं चिकटले की हात थांबवायचा. आणि रिंगमध्ये काही झालं तरी पडायचं नाही. "उभा मानूस वाघाला मानूस दिसतो. पडला की खान्याची वस्तू." त्यांचा हात असाच गेला, ओल्या भुश्शावर पाय घसरला, चांदनीच्या भावानं धरला. मास्तरानं पाण्याची बादली तोंडावर मारली म्हणून सुटला.

मारायचे का? हे विचारायला मला जड गेलं पण विचारलं. त्यांनी उत्तर लगेच दिलं नाही. मग म्हणाले, "मारायचे. खोटं कशाला सांगू ताई. चांगला मास्तर कमी मारायचा, कच्चा मास्तर लई मारायचा. पर उपाशी समदेच ठेवायचे, सकाळच्या शिकवनीला भरल्या पोटाचा वाघ काय करत न्हाई. आनि हत्तीला तर अंकुश कानामागं. डोक्यावर उभा करायचा, स्टुलावर बसवायचा, हत्ती रानात कधी डोक्यावर उभा ऱ्हातो व्हय?" माहुताचे शब्द त्यांनी म्हणून दाखवले, मैल म्हणजे चल, धत म्हणजे थांब, बैठ. वाघाचा मास्तर पंधरा मिनिटांत रिंगमधून बाहेर येतो, पण माहूत हत्तीच्या पायाशीच झोपतो, त्यामुळं माहुताची मायाही मोठी आणि त्याचा मारही मोठा, असं ते म्हणाले.

मग पिल्लांचं निघालं आणि इथं मला भाच्याचं पहिल्या दिवशीचं बोलणं कळलं. वाघीण साडेतीन महिन्यांत विते, एका वेळी दोन-तीन पिल्लं, किलोभराचं एक एक, डोळे मिटलेले. विण्याच्या आधी पिंजऱ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधायची, आत फक्त आजोबा जाणार, दुसऱ्या कुणाचा वाससुद्धा नको, गडबड झाली तर वाघीण पिल्लं खाऊन टाकते. तंबू शेजारी उतरवताना, लोखंडाचा आवाज होताना दोन वेळा तसं झालेलं त्यांनी बघितलंय. वाचलेली पिल्लं लवकर बाजूला काढायची आणि शेळीच्या दुधावर बाटलीनं वाढवायची, कारण पिल्लं काढली की वाघीण परत लवकर माजावर येते. "मग नर कोण, तर तोच पिंजऱ्यातला. भाऊ असू दे न्हाईतर बाप. सर्कशीत दुसरा कुटनं आननार?" चांदनी आणि तिच्या भावाची तीन पिल्लं झाली, एकाचे डोळे तिरळे, एकाचा कणा वाकडा, एक दोन महिन्यांत गेलं.

भाचा म्हणाला, पांढऱ्या वाघांचं तर जगभर हेच झालं. १९५१ साली रीवाच्या जंगलात एक पांढरा बछडा धरला, मोहन. त्याला साध्या वाघिणीपासून पिवळीच पिल्लं झाली, मग त्याची स्वतःचीच मुलगी राधा त्याला लावली तेव्हा १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. आज पिंजऱ्यांतून दिसणारे पांढरे वाघ बहुतेक त्याच घरातले, आणि तिरळे डोळेपण त्याच घरातले. म्हणून सर्कशीतल्या वाघांची पैदास बंद केली. त्यांचं रक्त कुठून कुठं गेलंय कळत नाही, आणि जंगलात सोडायचं म्हटलं तर वाघाचं पिल्लू दोन वर्षं आईमागं फिरून शिकार शिकतं, बाटलीवर वाढलेल्यानं ती शिकायची कुणाकडून? शिवाय माणसाची भीती गेलेली. तो वाघ थेट गावात येणार.

म्हणजे शंभर वर्षं आपण असे वाघ जन्माला घालत आलो ज्यांना जायला जागाच नाही. मी आजोबांच्या अंगणात बसून हे ऐकत होते आणि मला माझ्याच टाळ्या आठवत होत्या. कायदा आला तो बरोबरच आला असं मला वाटतं, आणि हे मी आजोबांसमोरच म्हटलं. १९९१ ला सरकारनं पहिल्यांदा अधिसूचना काढली, मग १९९८ ला परत, वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळासाठी शिकवायचं नाही, दाखवायचं नाही. सर्कसवाले कोर्टात गेले, केरळ हायकोर्टानं २००० मध्ये सरकारची बाजू उचलली आणि मे २००१ ला सुप्रीम कोर्टानं. हत्ती त्या यादीत नव्हते, ते आणखी बरीच वर्षं स्टुलावर बसत राहिले.

आजोबा म्हणाले, "बरोबर हाय तुजं. मीच सांगत हुतो मास्तरला, आता नगं पिल्लं. पर ताई, ट्रक आला तवा चांदनी मला सोडून चढंना. मीच पिंजऱ्यात घातली. माज्या हातनं." वर्षभरानं ते स्वतःच्या पैशानं त्या केंद्रात तिला बघायला गेले, जाळीपासून लांब उभं केलं त्यांना. ती पाठमोरी पडली होती. त्यांनी तोंडानं आवाज केला आणि ती उठून जाळीपर्यंत आली.

तो आवाज त्यांनी आम्हाला करून दाखवला. ओठ मिटून नाकातून हवा फुरफुरत सोडायची, फुर्र फुर्र फुर्र, घोड्यासारखं पण हलकं, मऊ. वाघ एकमेकांना ओळख देताना हा करतात. मांजरासारखी घरघर वाघाला जमत नाही, आणि सिंह हा आवाज करत नाही, हे भाच्यानं सांगितलं. मला सुरुवातीला जमला नाही. आजोबांनी पाच-सहा वेळा करवून घेतला, दात लावू नको, ओठ ढिले सोड, असं करत करत जमला.

निघताना पाणी प्यायला आत गेले तर पाण्याचा हंडा एका गोल लाकडी टेबलावर ठेवलेला, जाड, बुटका, कडेला पत्र्याची पट्टी. मी हात फिरवला तर लाकडात खोल चरे, चार चार एका ओळीत. लाल-पिवळा रंग चऱ्यांत अजून शिल्लक होता. आजी कानडीत काहीतरी म्हणाल्या, भाच्यानं अर्थ सांगितला, हे टेबल सोडून यांनी सर्कशीतून दुसरं काही आणलं नाही. चांदनीचं टेबल. माझी बोटं त्या चऱ्यांत बरोबर बसत होती.

दिवस चौथा : म्हैसाळ, कुरुंदवाड आणि परत

कागवाडची हद्द संपली की लगेच म्हैसाळ, महाराष्ट्र. कुठं राज्य बदललं ते पाटी नसती तर कळलंसुद्धा नसतं, तोच ऊस आणि तीच बोली. म्हैसाळ हे देवलांचं गाव, बाबासाहेब देवलांची सर्कस एका काळी देशभर गाजली. गावात फिरलो, म्हातारी माणसं अजून देवल सर्कस म्हटलं की थांबून बोलतात.

तिथून कुरुंदवाडला, कारण भारतीय सर्कशीची गोष्ट या पट्टयातच सुरू झाली आणि आम्हा बेळगावच्या लोकांना ती अर्धीसुद्धा माहीत नसते. विष्णुपंत छत्रे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. ग्वाल्हेरला जाऊन बाबासाहेब आपट्यांकडं घोडे फिरवायला शिकले, गाणंसुद्धा शिकले हद्दूखाँसाहेबांकडं. १८७९ साली किआरिनी नावाचा इटालियन माणूस मुंबईत सर्कस घेऊन आला, हिंदी माणसाला अशी सर्कस जमणार नाही असं तो म्हणाला असं सांगतात, आणि छत्र्यांनी १८८० साली आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढं ती फिरत फिरत तलश्शेरीला गेली, तिथले कीलेरी कुन्हिकन्नन यांनी छत्र्यांचं बघून पोरांना कसरती शिकवायला घेतल्या, म्हणजे आजोबांच्या तंबूतली ती मल्याळी मंडळी आली ती एका अर्थी आपल्याच कृष्णाकाठच्या माणसामुळं. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ, एवढा मोठा गवई, छत्र्यांनी सांभाळले, सर्कशीबरोबर फिरवले, आणि शेवटी ते कुरुंदवाडलाच राहिले, १९२२ ला तिथंच वारले. आणि आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, शेजारचं माधवपूर-वडगाव कुरुंदवाडकरांचं, दोन्हीकडं राज्य पटवर्धनांचंच. मी ज्या गल्लीत वाढले ती या पटवर्धनांच्या मुलखातलीच. पुण्याचे दामू धोत्रे, जन्म १९०२ चा, इथल्या तंबूतून शिकून आल्फ्रेड कूर या फ्रेंच माणसाबरोबर काम करत अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीपर्यंत गेले, वाघ, सिंह, बिबटे एका पिंजऱ्यात घेऊन उभे राहायचे.

घाटावर नदीकडं बघत मी भाच्याला म्हटलं, अरे या लोकांना जनावर जेवढं कळत होतं तेवढं आज कुणाला कळतं? तो म्हणाला, आत्या कळत होतं म्हणूनच वाईट वाटतं. आजोबांना वितीवर माहीत होतं की वाघाला कुठं भीती वाटते, आणि रोज तीन शो ते त्या भीतीच्या आत एक पाऊल टाकत होते. पण हेच ज्ञान आता आम्हाला पाहिजे, बिबट्या उसात शिरला की किती लांब उभं राहायचं हे आमच्यातल्या कितीजणांना माहीत आहे? ऊसपट्टयात रोजचा प्रश्न आहे तो. आजोबांकडं मी परत जाणार आहे, महिनाभर, सगळं रेकॉर्ड करणार. तो हे बोलला आणि मला बाबांची वही त्यालाच द्यावीशी वाटली. दिली.

परतताना दुपारी चारच्या सुमाराला भुतरामहट्टी आलं. भाच्यानं विचारलं नाही, गाडी सरळ आत घेतली. सोमवार, गर्दी नव्हती. वाघीण त्याच झाडाखाली, आमच्याकडं पाठ. ही सर्कशीतली नाही, हिनं तंबू बघितलेला नाही, हे मला माहीत होतं. तरी कठड्याला धरून उभी राहिले आणि ओठ ढिले सोडून केलं, फुर्र फुर्र. काही नाही. परत केलं. शेजारून एक जोडपं जात होतं ते थांबून बघायला लागलं. तिसऱ्या वेळेला तिचा डावा कान वळला, कानामागचा पांढरा ठिपका दिसायचा बंद झाला. मग तिनं हनुवटी परत पायावर ठेवली.

गाडीत बसल्यावर आजोबांच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर फोन लावला. ते लाइनवर आले आणि पहिलंच विचारलं, "कान हलला काय?"

म्हटलं, "हलला, डावा."

"मंग ऐकलं तिनं," ते म्हणाले, आणि मग आजीशी कानडीत काहीतरी बोलत राहिले, फोन तसाच चालू.